मडक्याला बूड बायका लावतात

चाकावरून मडकं उतरतं तेव्हा त्याला बूड नसतं. लोकांना हे माहीत नसतं. त्यांना वाटतं, माणूस चाकावर बसला, मातीचा गोळा फिरवला, की झालं मडकं. चाकावर होतो तो फक्त काठ आणि गळा. खालचं सगळं जाड, ओबडधोबड आणि उघडं असतं. सावलीत जरा सुकलं की ते बायकांकडं येतं. आतून एका हातानं गुळगुळीत दगड धरायचा, बाहेरून दुसऱ्या हातानं लाकडी थापटणं मारायचं, आणि मारत मारत माती ओढत पोट फुगवायचं, बूड मिटवायचं. एक थाप जास्त पडली तर भोक पडतं. कमी पडली तर बूड जाड राहतं, आणि जाड मडकं भट्टीत तडकतं. हे काम आमच्या घरात माझ्या सासूच्या, म्हणजे आत्याबाईंच्या, सासूनं केलं, मग आत्याबाईंनी केलं, आणि लग्न होऊन आल्यापासून मी करत आले. मडकं मात्र मालकांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं. कुणी केलं म्हणून विचारलं तर चाकावर बसणाऱ्याकडं बोट जातं.

चाकावर बाईनं बसायचं नाही. बसायचं सोडा, शिवायचंही नाही. चाक देवाचं आहे म्हणतात. मी नवी होते तेव्हा केर काढताना एकदा चाकाला झाडू लागला, तर आत्याबाईंनी मला चाकाच्या पाया पडायला लावलं. मी पडले. माझं माहेर गेवराईकडं, गोदाकाठचं, आणि तेही कुंभाराचंच. तिथंही हेच होतं. त्यामुळं त्यात वाईट वाटून घ्यायचं काही असतं हे मला बरीच वर्षं सुचलंच नाही.

सासर केज तालुक्यात. गाव लहान आहे. रस्त्यापासून आत, जीपमधून उतरायचं आणि चालायचं. घरात आत्याबाई, मालक, धाकटे दीर आणि पुढं त्यांची बायको. दिरानं मडक्यांचा नाद सोडला आणि वीटभट्टीवर जाऊ लागले, त्यांचं बरं चाललंय. मालकांनी चाक सोडलं नाही. ते हट्टी आहेत, आणि हा त्यांचा एक गुण मला आवडायचा.

मला मूल झालं नाही. अंबाजोगाईला दाखवलं, बीडला दाखवलं, जिथं जिथं कुणी सांगितलं तिथं तिथं नवस बोलले. त्याबद्दल जास्त लिहायचं नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, आणि ज्यांना नाही त्यांनी कशाला उकरावं.

त्याच वर्षांत एका पावसाळ्यात आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर कुंभारीण आली. कुंभारीण म्हणजे ती बारीक कमरेची माशी, जी ओल्या चिखलाचे गोळे तोंडात आणते आणि भिंतीवर घर करते. आमच्याकडं बायका मानतात की घरात कुंभारणीनं घर केलं की पाळणा हलतो. आत्याबाईंना ती दिसली आणि त्यांचा चेहरा असा काही खुलला की मला आजही आठवतो. त्यांनी लगेच हुकूम सोडला.

"तिथं झाडू लावायचा न्हाई कुणी. पोतेरं बी फिरवायचं न्हाई. कुंभारणीनं घर केलंय, आता बघ तू."

मी बघत बसले. दुसरं करण्यासारखं काय होतं? स्वयंपाक करता करता माझं लक्ष भिंतीकडं. ती यायची, गोळा ठेवायची, पुढच्या पायांनी आणि जबड्यानं तो पातळ पसरायची, पुन्हा जायची. घराचं पोट गोल होत गेलं, एका बाजूला निमुळतं. सगळ्यात शेवटी तिनं तोंड केलं. आणि ते तोंड मी बघतच राहिले. एवढीशी मान, आणि मानेवर बाहेर वळलेला काठ, कागदासारखा पातळ. कर्ण्याच्या तोंडासारखा उघडलेला. मडक्याचा काठ आमच्याकडं जाड करतात, धरायला बरा म्हणून. हा काठ धरायला नव्हता, आत काही घालायला होता. तिनं त्यातून हिरव्या अळ्या आत कोंबल्या, तोंड बुजवलं आणि निघून गेली. पुन्हा वळून बघितलं नाही.

त्या वर्षी पाळणा हलला. जाऊबाईंचा. त्यांचं लग्न होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. घर एकच होतं ना, कुंभारणीला काय माहीत कुणासाठी आलोय ते. आत्याबाईंनी पेढे वाटले, बारशाला गावजेवण घातलं, आणि मी बारशाच्या भाकरी थापल्या. पुढच्या वर्षी कुंभारीण पुन्हा आली, आणि जाऊबाईंना पुन्हा दिवस गेले. तेव्हा मी आत्याबाईंना म्हणाले, आता झाडू लावू का? त्या हसल्या नाहीत.

रिकामं घरटं मी झाडू न लावता सुरीनं अलगद काढलं आणि पदराच्या गाठीला बांधून ठेवलं. मग एका दुपारी तसल्याच काठाची तेलाची लोटी करायला मातीचा गोळा घेतला. आमची माती तळ्याकाठची काळी. त्यात बारीक वाळू आणि गाढवाची लीद मिसळावी लागते, नाहीतर भेगा पडतात. चाकाला हात लावायचा नव्हता, म्हणून अंगठ्यानं गोळा पोकळ केला. बाहेरून थाप, आतून दगड. पोट तर लगेच झालं, ते तर माझं रोजचं काम. काठ काही येईना. बोटं ओली करून बाहेर वळवायला गेलं की फाटायचा. कितीतरी गोळे मोडून पुन्हा मातीत टाकले. मग ध्यानात आलं की ती सगळा चिखल एकदम वळवत नाही. थोडा लावते, वाळू देते, मग पुढचा लावते. मीही तसंच केलं. काठ एका दिवसात करायचा नाही, रोज बोटभर वाढवायचा. चौथ्या की पाचव्या दिवशी काठ पुरता बाहेर वळला आणि फाटला नाही.

भाजल्यावर त्या लोटीत मी तेल घातलं. आधी तांदळाची पेज भरून चुलीवर मंद तापवली, म्हणजे तेल झिरपत नाही. कढईत तेल ओतलं आणि लोटी उभी केली. थेंब काठावरून खाली ओघळला नाही. जागच्या जागी तुटला. तेलाचं भांडं चिकट न होणं म्हणजे काय सुख असतं ते रोज चुलीपुढं बसणाऱ्यालाच कळेल. मी पुन्हा ओतलं, पुन्हा बघितलं, आणि एकटीच हसले.

मालकांना दाखवली. ते म्हणाले, "काय करायली हे? लेकरांची बोळकी?"

आत्याबाई मात्र लोटी हातात घेऊन बराच वेळ फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "बाईनं चाकाला हात लावू न्हाई म्हनलंय. मातीला लावू न्हाई असं कुणी म्हनलंय? कर तू." त्या दिवसासाठी मी त्यांचं पुढचं पुष्कळ सोसलं.

मग मला हावच सुटली. आमच्या डोंगराकडच्या बाजूला सीताफळं फार. सीताफळासारखं खवल्याखवल्यांचं दह्याचं भांडं केलं. खवल्यांमुळं बाहेरची बाजू जास्त झिरपते, वारा लागतो, दही उन्हाळ्यात आंबट होत नाही. कवठासारखा मिठाचा डबा केला, झाकण असं बसलं की शिवण दिसू नये. ओल्या मातीवर पळसाचं पान थापून त्याच्या शिरा उठवल्या आणि भाकरीचं ताट केलं. शिरांमुळं भाकरीखाली वाफ साचत नाही, भाकरी ओली होत नाही. एवढं सगळं काही मी शोधून काढलं नाही. पान, फळ, माशी, ज्यानं त्यानं आपापलं काम आधीच नीट करून ठेवलेलं असतं, आपण फक्त नक्कल करायची. पण नक्कल करायलाही हात लागतो, आणि तो माझा होता.

आता लग्नाच्या मडक्यांचं सांगते, कारण खरं दुखणं तिथं आहे.

आमच्या भागात लग्नाआधी नवऱ्याच्या किंवा नवरीच्या घरच्या बायका हलगीवाला पुढं घालून कुंभाराच्या घरी मडकी न्यायला येतात. चाकाला हळदकुंकू वाहतात. कुंभारणीची ओटी भरतात, खण, नारळ, गहू. मग कुंभारीण चुन्याचे आणि तांबड्या कावेचे पट्टे ओढलेली मडकी एकावर एक रचून सवाष्णीच्या डोक्यावर देते. हे कुंभारणीनं द्यायचं, कुंभारानं नाही. तेवढ्या घटकेला मालक बाजूला उभे असतात आणि सगळे जण बाईकडं बघतात. अख्ख्या वर्षात आमच्या कामाला तेवढंच तोंड आहे. एरवी आम्ही बूड लावणाऱ्या, आणि बूड कुणी बघत नाही.

आत्याबाईंचे गुडघे गेले तेव्हापासून मडकी मी देऊ लागले. आत्याबाईच म्हणाल्या, तू थोरली, तूच द्यायची. मला मूल नाही हे आसपासच्या गावांत माहीत नव्हतं असं नाही. बायकांना सगळं माहीत असतं. पण कुणी बोललं नव्हतं. जाऊबाईंचं एखादं लेकरू माझ्या कडेवर असायचंच, ज्यांना माझं वाटायचं त्यांना वाटू द्यायचं. मी नऊवारी नेसायची, केसात फूल माळायची, आणि ओटीचा नारळ पदरात पडला की माझा ऊर भरून यायचा. उगाच मोठेपणा नको, पण मला वाटायचं की या घरची कुंभारीण मी आहे. आईपण मिळालं नाही, हे मिळालं. मी त्यावर भागवलं होतं.

माझ्या लोट्या बचत गटाच्या बायकांनी केजच्या बाजारात मांडल्या होत्या. तिथं पुण्याच्या एका बाईंनी त्या बघितल्या आणि विचारत विचारत गाडी घेऊन घरी आल्या. त्यांचं हातानं केलेल्या वस्तूंचं दुकान आहे. वाईट बाई नव्हत्या, हे मी आधीच सांगते. जमिनीवर बसल्या, आमच्यातलं पिठलं खाल्लं, मला ताई म्हणाल्या. माझ्या भांड्यांना त्या 'निसर्गातून सुचलेली' म्हणायच्या. मला त्याचं हसू यायचं, पण बरंही वाटायचं. त्या पुन्हा पुन्हा आल्या. माल नेऊ लागल्या. कुणाच्या तरी स्वयंपाकघरात पुण्यात माझी तेलाची लोटी उभी आहे, हे मला झोपताना आठवायचं.

एकदा मी माती मळत होते आणि त्या शेजारी बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, ताई, हा काठ तुम्हाला कसा सुचला? मी सांगितलं. कुंभारणीचं सांगितलं, आत्याबाईंनी झाडू लावू दिला नाही ते सांगितलं, पाळणा कुणाचा हलला ते सांगितलं. बाई बाईला सांगते तसं सांगितलं. त्यांच्या डोळ्यात पाणी आलं. माझ्याही आलं. हात चिखलाचे होते म्हणून मी दंडानं डोळे पुसले.

पुढच्या खेपेला त्यांच्याबरोबर कॅमेरावाला आला. मोबाईलवर टाकायला छोटा व्हिडिओ करायचा म्हणाल्या. मी नवं लुगडं नेसून माझी मांडणी मांडून बसले. कॅमेरावाल्यानं मला थोडा वेळ टिपलं, मग म्हणाला, चाक हवं. चाकाशिवाय लोकांना कुंभारकाम वाटत नाही. मी म्हणाले, आमच्यात बाई चाकावर बसत नाही, आणि ही भांडी चाकाची नाहीतच. बाईंनी त्याच्याकडं बघितलं, त्यानं उन्हाकडं बघितलं, आणि शेवटी चाकावर मालक बसले. मालक नको म्हणाले नाहीत. उलट आत जाऊन नवा फेटा बांधून आले. मी मागं माती थापत बसायची, असं ठरलं.

व्हिडिओ आला. मालक चाकावर, फेटा, ओले हात, मडकं वर चढतंय, मागं कुठं तरी माझा पदर. मग माझी लोटी, जवळून, काठावरून तेलाची धार. आणि वरून त्या बाईंचा आवाज. गोड आवाज. एका निपुत्रिक जोडप्याच्या भिंतीवर कुंभारीण आली, सासूनं आशा धरली, पाळणा हलला नाही, पण त्या दुःखातून हे भांडं जन्मलं. निपुत्रिक. तो शब्द मी पहिल्यांदा माझ्याबद्दल मोठ्यानं ऐकला, तोही मोबाईलमधून, आणि शेजारी मालक म्हणाले, "फेटा बरा दिसायलाय न्हाई?"

मी बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, ताई, लोक रडतायत बघून, किती जणांनी पुढं पाठवलाय. मी म्हणाले, काढून टाका. त्या खरंच गोंधळल्या. त्यांना कळेना की एवढ्या सुंदर गोष्टीत वाईट काय आहे. शेवटी काढला त्यांनी. पण तोवर तो केजला पोचला होता, पार कडा गावापर्यंत पोचला होता, ऊसतोडीला गेलेल्यांनी कारखान्यावर बसून बघितला होता. रानात बांधावर माणसं बघत होती. माहीत असणं वेगळं आणि बोललं जाणं वेगळं. माहीत असलेल्या गोष्टीकडं काणाडोळा करता येतो. बोललेल्या गोष्टीकडं करता येत नाही.

त्या उन्हाळ्यात लग्नसराई सुरू झाली आणि शेजारच्या गावाहून हलगी आली. मी तयार होऊन दारात उभी होते. चाकाची पूजा झाली. मडकी मी रांगेत मांडली होती, पट्टे मीच ओढले होते. नवरीची आजी पुढं आली. ओटीचं ताट तिच्या हातात होतं, ते तिनं खाली ठेवलं.

"कुंभारीणबाई, तुमची धाकली जाऊ कुटं हाय?"

"आत हाय. कावून?"

"तिला बोलवा की जरा. मडकी तिच्या हातनं द्या म्हनलं."

"माझ्या हाताला काय झालंय?"

"झालं काय न्हाई बाई. राग धरू नगा. लग्नाचं काम हाय, पोरीचा संसार हाय आमच्या."

मागून कुणी तरी हळूच म्हणालं, मोबाईलवर बघितलं न्हाई का आपण. हलगीवाला वाजवायचा थांबला. मी आत्याबाईंकडं बघितलं. त्या खाटेवर बसल्या होत्या. मला वाटलं, आता या बोलतील. तोंड उघडलं की गाव गप्प करणारी बाई ती, सरपंचालाही ऐकवायला कमी न करणारी. त्या बोललेल्या दोनच गोष्टी मला आठवतात. आधी आत तोंड करून जाऊबाईंना हाक मारली. मग मला म्हणाल्या, "जा गं तू आत. चहा ठेव समद्यांला."

मी आत गेले आणि चहा ठेवला. बाहेर हलगी पुन्हा सुरू झाली. जाऊबाई पातळ तरी बदलून गेल्या का, तेही मी बघितलं नाही. नंतर त्या आत आल्या, ओटीतला नारळ माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाल्या, "अक्का, हे तुमचंच हाय." त्यांचा काही दोष नव्हता. पण मला त्या घटकेला त्यांचं ते चांगलं वागणंही नको होतं. मी म्हणाले, ठेव देवापुढं.

संध्याकाळी मी आत्याबाईंना विचारलं, "त्या मडक्यांला बूड कुणी लावलंय?"

"तूच लावलंस."

"मग ते कसं चाललं?"

"त्यांला काय म्हाईत कुणी लावलंय ते? म्हाईत न्हाई ते चालतंय, पोरी. समदा संसार तसाच चालतोय."

त्या खरं बोलत होत्या, आणि म्हणूनच मला त्यांचा इतका राग आला. माझा हात दिसला की अपशकुन, आणि दिसला नाही की चालतो. रात्रंदिवस ज्या हातानं यांच्या लग्नांची मडकी घडवली, तो हात पडद्याआड ठेवायचा आणि त्याचं काम पुढं करायचं. मोलकरीण तरी बरी, तिला निदान मोलकरीण म्हणून ओळखतात.

मग आमच्याच गावातल्या एका मोठ्या घरचं लग्न निघालं. मडकी सांगून गेले. मालकांनी चाकावर काठ आणि गळे काढले आणि सावलीत ओळीनं मांडून ठेवले, नेहमीसारखे. मला म्हणाले, सुकायच्या आत घे.

मी म्हणाले, "लग्नाच्या मडक्यांला मी बूड लावणार न्हाई."

"येडी हायस का? कोन बघायलंय बूड कुणी लावलं ते?"

"तेच तर म्हणते मी. कोणी बघत न्हाई. आता बघू द्या. त्यांला सांगा, बूड थोरली लावती, द्यायला बी थोरलीच उभी राहील. चालत असंल तर या. न्हाई तर बिनबुडाची न्या."

मालक चिडले, मग मनवायला लागले, मग पुन्हा चिडले. स्वतः थापटणं घेऊन बसले. पहिल्याच मडक्याला मूठ जाईल एवढं भोक पाडलं. जाऊबाईंनी हात लावून बघितला, पोट एका बाजूला बसलं. आत्याबाईंनी खाटेवरून उतरून दगड आत धरला, पण दगड काही केल्या थापेच्या समोर येईना. मी पडवीत बसून माझ्या लोटीचा काठ वळवत होते आणि हे सगळं बघत होते. मला बरं वाटत होतं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटत होतं. वाऱ्यानं एकेक मडकं पांढरं पडत चाललं होतं. एकदा पुरतं सुकलं की ओढलं जात नाही, फक्त तुटतं. मी मनाशी म्हणत होते, आता यांना बोलावं लागेल. त्या मोठ्या घरच्या बायकांपुढं माझं नाव घेऊन सांगावं लागेल की हिच्यावाचून मडकं होत नाही. मला नारळ नको होता, खण नको होता. एवढं एक वाक्य चारचौघांत हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक जीपनं केजला गेले. दुपारी आले ते दोन पोती घेऊन. पोत्यांत गवत भरलेलं, आणि गवतात मडकी. बाजारातली, साच्यात दाबून काढलेली, सगळी एका मापाची. जाऊबाईंनी त्यांच्यावर चुन्याचे आणि कावेचे पट्टे ओढले. कुणी रागावलं नाही की समजूत काढली नाही. आत्याबाईंनी जेवताना माझ्या ताटात लोणचंही वाढलं.

हलगी आली. मी आतच होते, पण दार उघडं होतं. मालकांनी चाकाची पूजा करून घेतली, ज्या चाकावर ती मडकी झालीच नव्हती. जाऊबाईंची ओटी भरली. मडकी रचून डोक्यावर दिली गेली आणि त्या मोठ्या घरची मालकीण, सोन्यानं मढलेली, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "किती सुबक मडकी हायेत. तुमच्या घरच्या हाताला तोड न्हाई बगा." आत्याबाई म्हणाल्या, "पिढ्यानपिढ्याचं हाय बाई." मालक नम्रपणे हसले. वरात वाजत गेली.

बिनबुडाचे काठ आणि गळे नंतर मी फोडले आणि हौदात भिजत घातले. कच्ची माती वाया जात नाही, भिजली की पुन्हा माती होते. त्यांच्या तेलाच्या लोट्या झाल्या, पुण्याला गेल्या.

पोत्यात एक मडकं जास्तीचं उरलं होतं, वाटेत फुटलं तर असावं म्हणून आणलेलं. घरात कुणी नव्हतं तेव्हा मी ते मांडीवर घेतलं. उपडं करून बूड बघितलं. सगळीकडं एकाच जाडीचं, एकही थाप उठलेली नाही. आत बोटं फिरवली, आतही गुळगुळीत. कानापाशी धरून वाजवलं, खणखणीत वाजलं. कुठं तरी केसाएवढी तरी भेग असेल म्हणून पाणी भरून संध्याकाळपर्यंत फरशीवर ठेवलं. खाली फरशी कोरडी होती. मला त्यात खोट हवी होती. सापडली असती तर मी मालकांना बोलावून दाखवली असती, आत्याबाईंना दाखवली असती, त्या सोन्यानं मढलेल्या बाईच्या दारात नेऊन दाखवली असती. खोट नव्हती. मग मी ते मडकं पाण्याच्या जागी ठेवलं. आता घरात सगळे त्यातलंच पाणी पितात, आणि मीही पिते.